गाडी चाकांवर असताना

“आधी गाडी तिच्या चाकांवर उभी कर, मग टेप लाव! लटकत्या गाडीचं माप खोटं येतं!”

व्हर्ल जाऊन दोन हिवाळे लोटले होते, तरी त्याचा हा आवाज एल्क हॉलोच्या अख्ख्या गावाच्या कानात होता. तो स्वतःच्या अंगणात गाडीचं काम काढी, पण ते शेजारच्या चार घरांना ऐकू जाई. डेल्विन तर तो आवाज ऐकतच मोठा झालेला. त्या गुरुवारी गॅरेजात उताणा पडून टेप ओढताना त्याला तो अगदी स्पष्ट ऐकू आला. त्याने न ऐकल्यासारखं केलं. कारण त्याचा पिकअप चाकांवर नव्हता, चार लोखंडी स्टँडवर अधांतरी होता.

याचं कारण यांत्रिक नव्हतं. कारण पोट होतं. चाकांवर उभ्या गाडीखाली डेल्विनचे खांदे जात, पोट जात नसे. ही गोष्ट त्याने बायकोला, नोरीनलाही सांगितली नव्हती. जणू तिला ती दिसतच नव्हती.

सगळ्याचं मूळ होतं आदल्या रविवारात. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे चर्चमध्ये उपासाचा. ज्याला आतून वाटेल त्याने उभं राहून देवाचे उपकार सांगायचे. डेल्विन उभा राहिला, देवाचे उपकार एका वाक्यात उरकले आणि आपल्या पिकअपवर आला. पुढचा मूळचा नाजूक सांगाडा काढून आपण तिथे एकसंध जाड आस कसा बसवला, आता गाडी कड्यावरचा कुठलाही दगड कशी चढेल, हे त्याने सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाला, “येत्या शनिवारी सिस्टर अर्डिथना मी वर डोंगरात, मेंढ्यांच्या तळावर घेऊन जाणार. व्हर्लचं भांडं घेऊन येणार. माझ्या हातांनी बांधलेल्या गाडीतून!”

सिस्टर अर्डिथ म्हणजे व्हर्लची बायको; चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टरच म्हणत. ते भांडं म्हणजे झाकणाचं जाड बिडाचं पातेलं. शेवटच्या शरदात व्हर्लने ते वर झाडाला टांगून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी येऊच म्हणून. तेव्हापासून अर्डिथने दुसऱ्या कुठल्याही भांड्यात पीचचा गोड पदार्थ केला नव्हता. तिचे डोळे अधू होत चालले होते. आपल्या हाताने ते एकदा झाडावरून काढावं एवढंच तिचं मागणं होतं. डेल्विनचं बोलणं ऐकून तिने रुमालाने डोळे टिपले. तेवढ्याने डेल्विन हवेत गेला.

चर्चच्या पायऱ्या उतरताना नोरीनचा भाऊ क्लीव्ह भेटला. शेजारच्या गावात त्याचा लेथचा कारखाना होता.

“पुढचा शाफ्ट झाला का रे?” त्याने विचारलं. गिअरबॉक्सपासून पुढच्या आसापर्यंत ताकद नेणारा हा शाफ्ट. आस बदलला की जुना बसत नाही, नवा करावाच लागतो.

“करतोय.”

“माझ्याकडे आण. गाडी चाकांवर असताना एक माप, चाक पूर्ण लटकलं की एक, पूर्ण दबलं की एक. बाकी मी बघतो.”

“क्लीव्ह, मी काय पहिल्यांदा टेप हातात धरतोय?”

“नाही. पण टेपच्या आणि तुझ्या मध्ये बरंच काही येतं,” क्लीव्ह त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणाकडे बघत म्हणाला. झालं! आता तर प्राण गेला तरी त्याच्याकडे जायचं नाही, असं डेल्विनने मनाशी ठरवलं.

तर गुरुवारी अधांतरी गाडीचं माप घेऊन त्याने शाफ्ट बांधला. त्याचे दोन भाग एकात एक सरकणारे, छत्रीच्या दांड्यासारखे. लटकत्या गाडीला तो असा चपखल बसला की डेल्विनने डोळे मिटून आभार मानले. शुक्रवारी त्याने गाडी हळूहळू खाली सोडली. चाकं जमिनीला लागली, स्प्रिंगांचे पाटे दबले, आस वर आला. शाफ्ट जेवढा आत सरकायचा तेवढा सरकला आणि मग अडला. ‘कच्च’ असा आवाज झाला. गाडी नाक वर करून उभी राहिली.

नोरीन दारात आली. “ती अशी का बघतेय?”

“नवे पाटे आहेत. बसतील.”

“व्हर्ल म्हणायचा ना, गाडी चाकांवर—”

“नोरीन, आत काही करपतंय.”

“काही शिजतच नाहीये, डेल. मी जाऊ का खाली? मी मावेन.”

“मावायचा प्रश्नच नाही!” तो इतक्या जोराने म्हणाला की नोरीनला सगळं कळलं. ती आत गेली.

त्याने शाफ्ट काढला. कापायचा किती? गाडी चाकांवर घेऊन बाजूने हात घातला, पोचला तिथवर चाचपलं, बाकीचं अंदाजाने धरलं. पुन्हा अडायला नको म्हणून चार बोटं जास्तच कापलं, वेल्डिंग मारलं आणि तसाच बाजूने चाचपत शाफ्ट बसवला. आता गाडी नीट बसली. दोन भाग एकमेकांत जेमतेम दोन बोटं अडकून राहिले होते, पण हे बघायला खाली जावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी चर्चच्या हिरवळीवर सगळ्यांची न्याहारी होती. टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, बटाट्याचा कीस, आणि अर्ध्या बायकांनी आणलेली हिरवी जेली. अर्डिथ ठेवणीतली टोपी घालून पुढच्या सीटवर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. हिरवळीच्या कडेला पाण्याचा पाट होता, त्यावर चांगला पूल होता. गाव बघतंय म्हटल्यावर डेल्विनला पूल दिसेना. त्याने उतरून पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडणारी कुलपं फिरवली, चारही चाकं जोडली आणि गाडी सरळ पाटात घातली.

उजवं चाक पलीकडे चढलं. डावं खाली लटकलं. आस खाली गेला आणि दोन बोटांचा आधार सुटला. शाफ्टचा एक तुकडा आसाकडे राहिला. दुसरा गिअरबॉक्सला लटकून गरागरा फिरत गाडीच्या पोटावर नगारा वाजवू लागला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात त्याने पाटाकाठचा, हिरवळ भिजवणाऱ्या कारंज्यांचा पाइप फोडला. गाडीखालून पाण्याचा असा फवारा उडाला की पहिल्या दोन टेबलांवरची जेली थरथरायची थांबली आणि पोहायला लागली.

डेल्विनने इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज तेवढा उरला.

“पोचलो का रे?” अर्डिथने विचारलं.

क्लीव्हने आपल्या गाडीने पिकअप ओढून हिरवळीवर आणला. कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. माणसं बशांतलं पाणी ओतत होती आणि ‘असू दे, ब्रदर डेल्विन, असू दे’ म्हणत होती. रविवारी ज्या तोंडाने बोललो ते कुठे लपवावं, हे त्याला कळेना. क्लीव्हने पाना पुढे केला. “तुकडे सोडवावे लागतील. घे.”

डेल्विन ओल्या गवतावर आडवा झाला. खांदे आत गेले. मग तो थांबला.

“श्वास सोड, डेल,” नोरीन हळूच म्हणाली.

“सोडलाय.”

“आणखी सोड.”

“आणखी नाहीये.”

कान लाल करून तो मागे सरकत बाहेर आला. पाहतो तो अर्डिथ गाडीतून उतरलेली. तिने टोपी नोरीनच्या हातात दिली, कोरडा टेबलक्लॉथ गवतावर अंथरला आणि चिमणी वळचणीत शिरावी तशी ती गाडीखाली शिरली.

“पाना दे. आणि टेप,” आतून आवाज आला. “क्लीव्ह, गाडी चाकांवर आहे ना? हं, हे पहिलं. क्लीव्ह, तू वाच, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. आता मी बाहेर आले की जॅक लावून चाक लटकव, ते तूच खालून घे. मी लटकत्या गाडीखाली जात नसते.”

ती बाहेर आली, केसांत गवत.

“सिस्टर अर्डिथ,” डेल्विन कसाबसा म्हणाला, “हे सगळं तुम्ही... व्हर्लकडून शिकलात?”

“व्हर्लचं पोट विसरलात का रे सगळे?” ती म्हणाली. “आयुष्यात कधी गाडीखाली मावला तो? तो वर उभा राहून ओरडायचा, खाली मी असायचे. चाकांवर ठेव, चाकांवर ठेव! स्टँड घसरून गाडी माझ्या अंगावर येईल, ही त्याची भीती. माप खोटं येतं ते आम्हाला फार नंतर कळलं. पण चारचौघांत सांगायला ते बरं होतं.”

क्लीव्ह शाफ्टचा तुकडा निरखत बसला. नोरीनने टोपीवरचं पाणी पुसलं.

“मी त्या रविवारी जे बोललो...” डेल्विन म्हणू लागला.

“ते वाहून गेलं बघ पाटातून,” अर्डिथ म्हणाली. “आता मला एकटीला सांग. हळू.”

त्याने वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली.

त्या दुपारी डेल्विन आपण होऊन क्लीव्हच्या कारखान्यात गेला. क्लीव्ह कापी, डेल्विन धरी. पोटाबद्दल क्लीव्ह एक शब्दही बोलला नाही, म्हणून डेल्विनला आणखीच लाज वाटली. रविवारी चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसला आणि उठला तो थेट घरी जायलाच.

सोमवारी गाव जागं व्हायच्या आत पिकअप अर्डिथच्या दाराशी उभा राहिला. हॉर्न वाजला नाही. ती बाहेर आली, हातात पर्स आणि भांडं गुंडाळायला जुनं पांघरूण. डेल्विनने तिला हात देऊन बसवलं, वाकून पुढच्या दोन्ही चाकांची कुलपं आवाज न करता फिरवली, आणि गाडी अगदी सावकाश पुलावरून घेतली.