आमचा संघ, पन्नासच्या पुढे

कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून मला तेवीस वर्षं झाली आणि या तेवीस वर्षांत माझ्या हातून एकही फॉर्म चुकलेला नाही. प्राचार्यांची स्वतःची सही चुकते, पण माझा फॉर्म चुकत नाही! त्यामुळे खेळाचे सर ऐन हंगामाच्या तोंडावर दुसरी नोकरी धरून निघून गेले, तेव्हा मुलांच्या बास्केटबॉल संघाचा लीगचा फॉर्म आपोआप माझ्या टेबलावर आला.

या संघाने तीन वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता. शेवटी बोर्डावर प्राचार्यांची नोटीस लागली : या हंगामात किमान एक विजय मिळाला नाही, तर कोर्टावर पत्रे टाकून गाड्यांचा स्टँड करण्यात येईल. ती नोटीस मीच टाइप केली होती. एकही चूक नव्हती.

"सर, कोर्ट गेलं तर आम्ही खेळायचं कुठे?" कप्तानाने विचारलं. हा पोरगा रोज सकाळी स्वतः खराटा घेऊन ते कोर्ट झाडायचा.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "फॉर्म माझ्याकडे आहे."

फॉर्म सोपा होता. गट ज्युनियर की सीनियर? आमचं सीनियर कॉलेज. सीनियरवर खूण केली. पुढे छापलं होतं, '५० च्या पुढे. प्रत्येक खेळाडूसमोर आकडा लिहावा.' एखादा कच्चा कारकून इथे गडबडला असता. मी ताबडतोब सगळ्यांच्या मार्कशीट मागवल्या.

आता अट म्हणजे अट. संघातला सगळ्यात उंच पोरगा, ज्याला सगळे 'खांब' म्हणत, त्रेचाळीस टक्क्यांवर अडकला होता. नेम न चुकणारा एकमेव खेळाडू एकोणपन्नासवर!

"सर, एका टक्क्यासाठी?" तो अगदी रडकुंडीला आला.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो आणि दोघांनाही वगळलं. भरीला रसायनशास्त्राच्या वर्गातला एक अठ्ठ्याऐंशी टक्केवाला घेतला. त्याने बास्केटबॉल पाहिलेला होता. लांबून.

पहिल्या सामन्याला मी व्यवस्थापक या नात्याने गेलो. कोर्टाच्या कडेला हातांची खुर्ची मांडलेली, तिच्यावर उशी. शेजारी एक गृहस्थ पुष्पगुच्छ घेऊन उभे. फाटकाशी अ‍ॅम्ब्युलन्स.

"कोणी आजारी आहे का?" मी विचारलं.

"अजून तरी नाही," लीगचे सेक्रेटरी म्हणाले. हे निवृत्त सर्व्हेअर. मानसुद्धा मोजून वळवायचे. "तुमचे अठ्ठ्याऐंशीचे कुठे आहेत? गाडीत बसलेत का? आमची माणसं धरून आणतील."

आमच्या चश्मिस रसायनशास्त्राने हात वर केला. "मी."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे पाहिलं. मग फॉर्मकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. पुष्पगुच्छवाले गृहस्थ हळूच म्हणाले, "तब्येत राखलीय हो!"

तेवढ्यात समोरचा संघ कोर्टावर उतरला. कुणाला टक्कल, कुणाला पोट, बहुतेकांच्या गुडघ्यांना पट्टे. एकाने कवळी काढून डबीत ठेवली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सीनियर म्हणजे ज्येष्ठ! पन्नास म्हणजे वय!

मी सेक्रेटरींना बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. ते शांतपणे म्हणाले, "यंदा पाचच संघ आले होते. सहा भरले नाहीत तर लीग रद्द. तुमचा फॉर्म आला आणि लीग वाचली. आकडे सगळे पन्नासच्या पुढचे आहेत ना?"

"आहेत. सगळ्यात कमी चोपन्न."

"मग मला काही दिसत नाही. तुम्ही प्राचार्यांना सांगू नका, मी कमिटीला सांगत नाही."

कप्तानाचा चेहरा मात्र उजळला होता. "सर, या काकांना हरवायचंय? वाचलं आपलं कोर्ट!"

आम्ही एकसष्ट-एकोणीसने हरलो.

काका धावतच नव्हते हो! चेंडू धावत होता आणि त्याच्यामागे आमची पोरं. एक काका चष्मा पुसत उभे होते. चेंडू आला, एका हाताने बास्केटमध्ये टाकला, पुन्हा चष्मा पुसायला लागले. अ‍ॅम्ब्युलन्स अगदीच वाया गेली नाही. रसायनशास्त्राच्या पोटऱ्यांत गोळे आले.

पण माणसं मनाची मोठी. हरवून झालं की आमच्या पोरांना शिकवायला बसायची. "पळू नकोस रे, बघ! चेंडूला पळू दे!" पोरंही शिकत गेली. दुसरा सामना एकतीस गुणांनी हरलो, तिसरा पंधरा, चौथा पाच. जिन्यात प्राचार्य भेटले, "कसं काय चाललंय संघाचं?"

"अनुभवी लोकांशी गाठ आहे, सर," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

पाचवा, शेवटचा सामना ज्यांच्याशी होता त्या संघाची यादी पाहिली आणि मी खुर्चीत बसलो. कप्तान : माझे सासरे! निवृत्त पोस्टमास्तर, वय त्रेसष्ट. ते रविवारी सकाळी 'पाय मोकळे करायला' जातात, एवढंच मला लग्नाला अठरा वर्षं होऊनही माहीत होतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. मी कोर्टाचं सांगितलं, नोटिशीचं सांगितलं, खराट्याचंही सांगितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही मागितलीत, मुलगी दिली. मॅच मिळणार नाही."

"मुलगीसुद्धा घाईतच दिली," सासूबाई आतून म्हणाल्या.

सामना मात्र असा झाला की काय सांगू! शेवटचे दहा सेकंद, आम्ही चाळीस, ते एकोणचाळीस. चेंडू सासऱ्यांच्या हातात, समोर आमचा कप्तान. सासऱ्यांनी उजवीकडे जातो असं दाखवलं. कप्तान उजवीकडे गेला. मी बाकावर बसल्या बसल्या उजवीकडे गेलो. सासरे डावीकडून निघाले आणि त्यांनी चेंडू दिला तो त्यांच्यातल्या सगळ्यात चपळ माणसाला, ज्याला ते 'बाळ्या' म्हणत. बाळ्याने उडी मारली. शिट्टी. एक्केचाळीस-चाळीस!

आमचा कप्तान होता तिथेच खाली बसला. रडला नाही. कोर्टावर पडलेली एक काडी उचलली आणि बाहेर टाकली. त्या क्षणी मला माझ्या तेवीस वर्षांची लाज वाटली. तो एकोणपन्नास टक्केवाला आज इथे असता तर? एका टक्क्यासाठी मी त्याला घरी बसवला होता!

तिकडे जल्लोष चालू होता. बाळ्या ओरडला, "पुढच्या शनिवारी माझ्या पन्नाशीची पार्टी! दोन्ही संघांनी यायचं!"

सेक्रेटरींचं पेन थांबलं. "पुढच्या शनिवारी पन्नास? म्हणजे आज तुम्ही एकोणपन्नास?"

"सहा दिवसांचा तर प्रश्न आहे!"

"फॉर्मवर एक्कावन्न लिहिलंय."

"घाईत लिहिलं असेल."

सेक्रेटरींनी टोपी नीट केली आणि जाहीर केलं, "अल्पवयीन खेळाडू! सामना कॉलेजला बहाल."

सासरे तीरासारखे आले. गुडघे विसरले होते! "अल्पवयीन? आणि ही पोरं कोण? यातल्या निम्म्यांना मिसरूड फुटलेलं नाही!"

"त्यांचे कागद व्यवस्थित आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "कप्तान बहात्तरचे आहेत."

सोमवारी लीगचं पत्र मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. 'प्रतिस्पर्ध्यांच्या संघात अल्पवयीन खेळाडू आढळल्याने आपला संघ विजयी.' प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं.

"काय दिवस आलेत! जिंकण्यासाठी शाळेतली पोरं खेळवतात!"

"हो ना, सर."

त्यांनी माझ्यासमोर नोटीस रद्द केली. आणि हो, खांब आणि एकोणपन्नास टक्केवाला, दोघांची मी हात जोडून माफी मागितली. एकोणपन्नासवाला म्हणाला, "सर, पुढच्या वर्षीचा फॉर्म आम्ही भरू का?" मी मुकाट्याने पेन दिलं.

राहता राहिले सासरे. बायको म्हणाली, "अहो, बाबांना एक फोन तरी करा. चार दिवस धड जेवले नाहीयेत." मी केला.

"बाबा, झालं गेलं विसरून..."

"वय काय तुमचं?" पलीकडून आवाज आला.

"अठ्ठेचाळीस."

"अल्पवयीन मुलांशी मी बोलत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षांनी फोन करा." आणि ठेवून दिला.