स्पर्धेबाहेरचं कालवण

चौल-रेवदंडा रस्त्यावर एका नारळीपोफळीच्या वाडीत पाककला महाविद्यालय आहे. आपण आंतरराष्ट्रीय नाही, हे त्याच्या लक्षात आलं ते मूल्यांकन मंडळाचं पत्र आल्यावर. 'आंतरराष्ट्रीय उपक्रम' या शीर्षकाखाली महाविद्यालयाला शून्य गुण होते. स्वयंपाकघरातले बहुतेक ओव्हन बंद होते, पण त्याबद्दल गुण कापलेले नव्हते. ओव्हन चालू असावेत असा निकषच नव्हता.

संस्थेचे अध्यक्ष हरेश्वरदादा यांनी तातडीने सभा बोलावली. वाडी त्यांची, इमारत त्यांची, त्यामुळे सभेतलं मतही सहसा त्यांचंच असे.

"परदेशातली पोरं बोलवा, रांधायला लावा. स्पर्धा म्हणा," दादा म्हणाले. "आंतरराष्ट्रीय म्हणायला किती देश लागतात?"

"निकषात 'एकाहून अधिक' असं आहे, दादा," प्राचार्या किशोरीबाई म्हणाल्या.

"म्हणजे आपण धरून दोन." दादांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पुढे फिनलंड, मॉरिशस आणि नेपाळ असे तीन देश मिळाले आणि उपक्रम निकषाच्याही पुढे गेला. पहिलं बक्षीस ठरलं, लिस्बनमधल्या एका नामांकित स्वयंपाकघरात वर्षभराचं प्रशिक्षण. पोर्तुगीज पूर्वी इथे पाव आणि बटाटा ठेवून गेले, आता त्याबदल्यात आपण त्यांना एक विद्यार्थी देऊ, हे वाक्य दादांनी भाषणासाठी राखून ठेवलं.

शेवटच्या वर्षाला असलेल्या क्रांतीने हे बक्षीस मनावर घेतलं. ती आत खारपाटातल्या भातशेतीच्या गावची. गावातली मुलं शिकून मुंबईला जातात आणि तिथून फोन करतात. क्रांतीला मुंबईच्या पलीकडे जायचं होतं. तिने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता.

तिचा पदार्थ होता जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जिताडा तिच्या वडिलांच्या, कोंडाजींच्या, शेतातल्या तळ्यात वाढलेला. या मासळीचे आमच्या भागात दोन उपयोग आहेत: एक, कालवण करून खाणं, दुसरा, कामासाठी अडलेल्या माणसाने ती साहेबांच्या घरी पोचवणं. दुसरा उपयोग जास्त प्रचलित आहे, त्यामुळे पुष्कळ लोकांना जिताड्याची चव फक्त ऐकून माहीत असते.

किशोरीबाईंना मासळीबद्दल तक्रार नव्हती, नावाबद्दल होती. "कालवण म्हणजे काय, हे परीक्षकांना कळायला हवं."

"बाई, खाल्लं की कळतं."

"खाण्याच्या आधी कळायला हवं." त्यांनी नाव बदलून 'किनारी मत्स्य-सार, उष्ण तांदूळ-चकतीसह' असं केलं. क्रांतीने ते दोनदा वाचलं आणि काय रांधायचं आहे ते विसरू नये म्हणून पुन्हा कालवणाचा सराव केला.

तिच्याच वर्गात दादांचा पुतण्या सलिल होता. मुलगा स्वभावाने गरीब. स्वयंपाकाचा त्याला राग नव्हता, फक्त चुलीजवळचं उकडणं सोसत नसे. त्याच्या पदार्थाचं नाव होतं 'लाटेची आठवण'. काळ्या दगडी ताटलीवर पांढरा फेस, फेसावर एक तुळशीचं पान. आठवण असल्यामुळे तीत प्रत्यक्ष काही शिजवायचं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सगळे स्पर्धक पांढऱ्या टोप्या घालून मांडवात आपापल्या ओट्याशी उभे राहिले. उद्घाटक आणि मुख्य परीक्षक मूल्यांकन मंडळाचे साहेब होते. ते श्रीवर्धनहून निघाले होते आणि दिघीला फेरीबोटीसाठी थांबले होते. दीपप्रज्वलनापूर्वी परिसरात कोणीही काहीही पेटवू नये, अशी सूचना झाली.

फिनलंडहून आलेल्या एरोने क्रांतीला इंग्रजीत विचारलं, "गॅस खराब आहे का?"

"गॅस चांगला आहे. आधी दिवा, मग गॅस."

"मग दिवा लावू या."

"तो साहेब लावतील."

"साहेबांना लावता येतो, आपल्याला येत नाही?"

क्रांतीने या प्रश्नाचं भाषांतर किशोरीबाईंसाठी केलं नाही.

साहेब आगरदांड्याला उतरले, मुरूडला चहाला थांबले आणि काशीदला शहाळं प्यायला. उन्हं चढली. मॉरिशसच्या मुलीची कोळंबी वास मारू लागली. नेपाळच्या मुलाने मोमोसाठी मळलेलं पीठ स्वतःहून परातीबाहेर येऊ लागलं. तेवढ्यात कोंडाजी टेम्पोतून पाण्याचं पिंप घेऊन आले. पिंपात जिताडा जिवंत होता.

दादा पिंपावर वाकले. मासा किती जणांना पुरेल, याचा त्यांनी डोळ्यांनीच अंदाज घेतला.

"पोरीच्या परीक्षेला आनलाय, दादा," कोंडाजी म्हणाले.

"साहेब जेवायला थांबणार आहेत, कोंडाजी."

यापुढे कोणी काही सांगायची गरज नव्हती. कोंडाजींनी मान खाली घातली, मग लेकीकडे पाहिलं. "साह्यबाला न्हाय कसं म्हनायचं, क्रांती?"

"बाबा, हा माझ्या स्पर्धेचा आहे."

"मग तूच शिजव की," दादा म्हणाले. "माझ्या घरी शिजव, तिथे गॅस पेटवायला बंदी नाही. साहेब मुख्य परीक्षक आहेत, हे ध्यानात घे. त्यांच्या जिभेवर तुझी चव बसली की बाकी काय राहिलं?"

किशोरीबाईंनीही मान डोलावली. क्रांतीने विचार केला. मासा तर गेलाच होता. निदान तो आपल्या हातून जावा, आणि ज्याला चाखवायचा त्यालाच आधी चाखवावा, यात तोटा दिसत नव्हता. शिवाय घरी रांधलेल्यातल्या चार तुकड्या बाजूला काढल्या, की त्या ओट्यावर नेऊन मांडता येतील. ती पिंपामागोमाग वाडीतून दादांच्या घराकडे गेली.

तिने आयुष्यात इतकं चांगलं कालवण पूर्वी केलं नव्हतं. खोबऱ्याचं वाटण पाट्यावर केलं, वाडीतली ताजी आंबटगोड कैरी मिळाली, मासा तर तासाभरापूर्वी पोहत होता. कढ आला तसा वास मांडवापर्यंत गेला आणि ओट्यांशी उभ्या असलेल्या सगळ्या देशांनी एकदम त्या दिशेला माना वळवल्या.

दुपार कलल्यावर साहेब आले. त्यांनी समई लावली आणि लगेच विचारलं, "जेवणाचं काय?" रिकाम्या पोटी माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही, असं त्यांचं मत होतं. इकडे शिट्टी वाजून स्पर्धा सुरू झाली, तिकडे परीक्षक दादांच्या ओटीवर पानावर बसले. साहेबांशेजारी निवृत्त शेफ कुलदीप होते. तिसरे परीक्षक लिस्बनहून ऑनलाइन असल्यामुळे त्यांना वाढायचा प्रश्न नव्हता.

क्रांती तव्यावरून एकेक भाकरी आणून वाढत होती. शिट्टी तिनेही ऐकली. पण साहेबांच्या पानातली भाकरी संपत आली होती, आणि ती संपत आलेली असताना दादा तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती ओलांडून जाणं तिला जमलं नाही.

कुलदीप पहिल्या घासाला थांबले. "हे कुणी केलंय?"

"आपल्या वाडीवरचंच आहे," दादा म्हणाले.

"मी केलंय, सर," क्रांती दारातून म्हणाली. "मी स्पर्धक आहे."

साहेबांनी तिसऱ्यांदा कालवण वाढून घेतलं. "उत्तम. मग इथे काय करतेस? तिकडे स्पर्धा सुरू झालीय. आजच्या पिढीला वेळेचं भानच नाही."

क्रांती छोटं पातेलं घेऊन धावत मांडवात पोचली. तिच्या ओट्यावर पांढरी पट्टी लावलेली होती.

"हजेरी झाली," किशोरीबाई म्हणाल्या.

"बाई, मी तुमच्यासमोरच तिकडे गेले ना?"

"म्हणून तर मी नुसतं 'अनुपस्थित' लिहिलं नाही. 'अनुपस्थित, परवानगीने' असं लिहिलंय."

"मग हे तरी मांडू द्या. हे माझंच आहे."

"ते स्पर्धेच्या वेळेआधी, स्पर्धेबाहेर शिजलंय. उद्या फिनलंडने हरकत घेतली तर?"

फिनलंड मांडवामागे सिमेंटच्या कट्ट्यावर बसलं होतं. त्याने मासळीचं सूप केलं होतं आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. क्रांती पातेलं घेऊन त्याच्या शेजारी बसली. दोघांनी भाकरी मोडून खाल्ली. एरोने पातेल्याचा तळ भाकरीने पुसून घेतला. मग त्याने विचारलं, "तुझा ओटा कितवा?" तिने पांढरी पट्टी दाखवली आणि बाईंना फिनलंडच्या हरकतीची भीती आहे, हेही सांगितलं. तो उठून आयोजकांकडे गेला आणि हरकत नसल्याचं इंग्रजीत सांगून आला. त्याच्या सौजन्याबद्दल त्याला श्रीफळ देण्यात आलं.

कोंडाजी मात्र खुशीत होते. "साह्यबांनी तीनदा वाढून घेतलं," ते म्हणाले. क्रांती त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्याने उगीच तोंड पुसलं. "तुला न्हाय कळायचं. आपल्या तळ्यातला मासा व्हता."

मग परीक्षण सुरू झालं आणि अडचण उभी राहिली. पदार्थ पुष्कळ होते, पोटात जागा नव्हती.

"माझ्याच्याने एक घास जाणार नाही," साहेब म्हणाले.

"चाखल्याशिवाय निकाल कसा द्यायचा?" कुलदीप म्हणाले. पण त्यांनीही खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"चव व्यक्तिनिष्ठ असते. उद्या कोणी माहिती मागवली तर चवीचा पुरावा काय देणार?" साहेबांनी ऑनलाइन परीक्षकांचं मत घ्यायला सांगितलं. लिस्बनचं चित्र मघाच गोठलं होतं. त्यात परीक्षकांचं तोंड उघडं होतं, त्याची नोंद 'प्रभावित' अशी झाली.

शेवटी किशोरीबाईंनी मार्ग काढला. पदार्थांचे फोटो महाविद्यालयाच्या ऑनलाइन पानावर टाकावेत, लोकांनी अंगठे देऊन ठरवावं. साहेबांना ही कल्पना फारच आवडली, कारण तिच्यात लोकशाही होती आणि जेवण नव्हतं.

फोटो काढणाऱ्याने मोठे दिवे लावले. खऱ्या अन्नाला ते सोसले नाहीत. एरोच्या सुपावर साय धरली, मोमो बसले, कोळंबीने शरण येऊन शेपटी वळवली. सलिलचा फेस मात्र सकाळी जसा होता तसाच, ताठ उभा होता. कुलदीपांनी वाकून वास घेतला.

"चंदन?"

"हो, सर," सलिल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, दाढीच्या फेसाच्या डब्यावर तसं छापलेलंच होतं. परीक्षकांनी 'देशी सुगंधाचा धाडसी वापर' असा शेरा दिला. पदार्थ कोणी खाणार नसल्यामुळे कोणाला अपाय व्हायचाही प्रश्न नव्हता.

दादांनी 'आपल्या भागाच्या मुलाला विजयी करा' असा निरोप फिरवला. पुण्याहून, दुबईहून, क्रांतीच्या गावातूनही अंगठे पडू लागले. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी मिळून सलिलला अंगठा दिला आणि क्रांतीला दाखवला. उरलेलं सगळं अन्न 'अन्नाची नासाडी टाळा' या फलकामागे खड्डा करून नारळांना घालण्यात आलं.

सलिल लिस्बनला गेला. तिथे तो दिवसभर बटाटे सोलतो आणि संध्याकाळी समुद्राचे फोटो टाकतो. उपक्रमाबद्दल महाविद्यालयाला पूर्ण गुण मिळाले. क्रांती मात्र प्रात्यक्षिकात नापास झाली. स्पर्धा हेच यंदाचं प्रात्यक्षिक होतं, आणि परवानगीने असली तरी ती अनुपस्थित होती. पुढची तपासणी समिती आली तेव्हा दादांनी तिला निरोप धाडला, "ये, साहेब येतायत." तिने कळवलं, "साहेबांना सलिलचा फेस वाढा." त्यानंतर तिला महाविद्यालयाच्या कुठल्याच कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही, फेरपरीक्षेचंही नाही.

आता ती काशीदच्या एका रिसॉर्टमध्ये रांधते. मागच्या रविवारी तुम्ही तिथे जेवायला होतात. तुम्हाला आठवणार नाही, कारण ती स्वतः ताट घेऊन आली तेव्हा तुम्ही लिस्बनच्या समुद्राला अंगठा देत होतात. त्या फेसालाही तुम्हीच दिला होता. तिने ताट ठेवलं आणि गरम आहे तोवर खा, असं सांगायला ती क्षणभर थांबली. तुम्ही ताटावर मोबाइल धरलात आणि मान वर न करता तिला म्हणालात, "जरा बाजूला व्हा ना, तुमची सावली येतेय."