आश्वासनागणिक लाथ

सरकारनं परदेशी मालाला दार उघडून दोन वर्षं झाली, तरी कडा गावच्या बाजारपेठेत त्यातलं काही उतरलं नव्हतं. ते उतरवण्याचा मान सिद्धारामचा. पंचाक्षरी कापडवाल्यांचा हा धाकटा पुण्याला कराटेच्या शिबिराला गेला आणि येताना कमरेला पट्टा, पिशवीत एक इंग्रजी कॅसेट आणि डोक्यात क्लास घेऊन आला. "वरीसभरात कड्याचं एकबी पोरगं मार खाऊन घरी येणार न्हाई," असं त्यानं बाजारच्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून जाहीर केलं. ज्यांची पोरं मार देऊनच घरी येत, त्यांनीही नावं घातली!

क्लास दुकानाच्या गच्चीवर भरू लागला. ड्रेस दुकानातल्याच मांजरपाटाचे. पिवळे पट्टे हळदीत बुडवलेले. घाम आला की हळद ड्रेसवर उतरे आणि पोरं मांडवातून पळून आलेल्या नवरदेवांसारखी घरी जात.

कॅसेटवर चौघांचं चित्र होतं. केस खांद्याखाली, ओठ रंगवलेले, डोळ्यांत काजळ, पायांत बिबट्याच्या ठिपक्यांच्या विजारी. सिद्धारामच्या आईनं, उमाबाईंनी, ते बराच वेळ निरखलं. "चांगल्या घरच्या दिसत्यात," त्या म्हणाल्या, "पण एकीच्याबी कपाळाला कुंकू कसं न्हाई?" त्या चौघी नसून चौघे आहेत हे कळल्यावर त्यांनी गच्चीवर पापड घालणं बंद केलं. पुण्यात त्या संगीताला हेवी मेटल म्हणत. कड्यात 'ते सिद्धाचं' म्हणत.

पण क्लासचा सगळा जीव त्या कॅसेटमध्ये. शिबिरात जपानी आकडे मोजत लाथा मारायला शिकवलं होतं. पाचाच्या पुढचे आकडे सिद्धाराम नगरच्या स्टँडवर एसटी बदलताना विसरला. म्हणून मोजणी त्यानं कॅसेटवर सोपवली. मांजराची शेपटी दारात सापडावी तशी त्या गाण्यात मधूनमधून गिटार किंचाळे. किंचाळी आली की "हाऽ!" ओरडून लाथ मारायची. विचार करायचा नाही. विचार न करणं पोरांना पहिल्याच दिवशी जमलं.

अडचण होती जागेची. खाली पंचाक्षरी गिऱ्हाइकापुढे नऊवारी उलगडत आणि वरून तिच्यावर छताचा गिलावा पडे. "सिद्धा, पाडव्याला गच्ची रिकामी पायजे," त्यांनी शेवटचं सांगितलं. "न्हाई तर तू आन् तुझी रंगवलेली भुतं, समदी रस्त्यावर." गावात मोकळी जागा एकच, सोसायटीचं खताचं गोडाऊन. ते मिळालं नाही तर क्लास बुडाला. सोसायटीचे चेअरमन बंकटअण्णा यांनी निरोप धाडला, की आमच्या पन्नाशीच्या सत्काराला पोरांचा कार्यक्रम ठेव, गोडाऊनचं भाषणात जाहीर करतो.

सत्काराला पोरांनी कौलं फोडली, टाळ्या घेतल्या आणि अण्णांच्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभी राहिली. अण्णा माईकपुढे आले. माईक बिभीषण साउंड सर्व्हिसचा, आणि तोंड फार जवळ आलं की तो कुईऽ करून शिट्टी मारी. एरवी अण्णा हातभर लांब उभे राहूनच गरजत. पण आश्वासन द्यायचं असलं, की आवाज उतरवून, माईकला खाजगीत काही सांगायचं असल्यासारखे पुढे झुकत.

"येत्या उन्हाळ्याच्या आत," अण्णा झुकले, "वस्तीवर नळ."

माईक किंचाळला. "हाऽ!" सगळ्या पोरांनी एकदम लाथ मारली.

अण्णांचा फेटा भुवयांवर आला. सेक्रेटरी रामकिसन पेढ्यांच्या ताटात बसला. सिद्धारामनं खालून डोळे वटारले, पण पोरं त्याच्याकडे कशाला बघतील? नजर समोर ठेवायची, हे त्यानंच शिकवलेलं! ही सलामी असावी असं धरून अण्णांनी भाषण पुढं नेलं. रस्त्याला खडी. शिट्टी, लाथ. शाळेवर पत्रे. शिट्टी, लाथ. घराकडं निघालेली माणसं परत येऊन बसली. अण्णांच्या भाषणाला असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. मागून कोणी तरी आठवण दिली, "अण्णा, एसटीचं ऱ्हायलं." अण्णांनी सकाळची एसटी दिली. तिलाही लाथ बसली. बायांनी तोंडाला पदर लावले. आता आश्वासन संपायच्या आतच पब्लिक लाथेसाठी मान वर करत होतं.

"आन् शेवटचं," अण्णा घाम पुसत म्हणाले, "ह्या पोरांसाठी..." आणि झुकू लागले.

गोडाऊनला लाथ बसली, तर तेही नळ आणि एसटीच्या रांगेत जाऊन बसणार! सिद्धाराम मांडवामागं धावला. बिभीषण चहाला गेलेला. त्यानं हाताला लागली ती वायर धरली आणि उपटली.

माईक मेला. पोरं पुतळ्यासारखी उभी. अण्णांचे ओठ हलले, हात गोडाऊनच्या दिशेनं गेला, नमस्कार झाला. कसं अगदी सुरळीत पार पडलं!

दुसऱ्या दिवशी तो किल्ली मागायला गेला.

"कसली किल्ली?" अण्णांनी विचारलं.

"गोडाऊनची. भाषणात बोललात की, अण्णा."

"बोललो आसंल. ऐकलं कोणी?"

सिद्धाराम गावभर फिरला. नळ सगळ्यांनी ऐकला होता. खडी ऐकली होती. लाथेसकट ऐकल्यामुळे कोणी काही विसरायला तयार नव्हतं. माणसं अण्णांना चौकात अडवून विचारत, आणि पाडव्याच्या आत रस्त्यावर खडीचे ढीग खरोखर पडले. गोडाऊन तेवढं कोणाच्याच कानावर गेलं नव्हतं.

गोडाऊन बिभीषणला मिळालं. ऐन वेळी माईक बंद करून गड्यानं आपली अब्रू राखली, असं अण्णा ज्याला त्याला सांगत होते. चहाचं कशाला काढायचं, म्हणून बिभीषणही मान डोलवत होता.

पाडव्याला गच्चीवर पुन्हा पापड पडले. बिभीषणला मात्र दया आली. तो मुद्दाम दुकानावर येऊन सिद्धारामला म्हणाला, "पोरं धाड बे माझ्याकडं. भोंगे लई जड हायत, दणकट गडी लागत्यात."

"आन् मी?" सिद्धारामनं विचारलं.

बिभीषणनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुला वायरीतलं काय कळतं?"