मास्तरांची ज्योत उजवीकडे वळली

गंगाधर मास्तरांना साताऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती, तरी नोकरी आपली हंगामीच. ती कायम होणार की नाही, हे इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं आणि साहेब आज वर्गात बसले होते.

मास्तरांनी बेत मात्र जंगी केला होता. तंबूतल्या सिनेमावाल्याकडून डायनामो आणि कोळशाच्या दोन कांड्या आणल्या होत्या. कांड्यांमध्ये वीज पेटली की मधली हवाच तापून लखलखीत ज्योत होते आणि चुंबक धरला की ती एका अंगाला झुकते, चुंबकाचं दुसरं टोक धरलं तर उलट अंगाला. किती झुकेल, उष्णता कुठवर पोचेल, याचं चाळीस पानी गणित मास्तरांनी मांडलं होतं. त्या हवेतले कण एकमेकांवर किती वेळा आदळतात, तेसुद्धा!

"साहेब, ज्योत डावीकडे चार बोटं जाणार. उजवीकडे लोण्याचा गोळा ठेवा, वितळायचा नाही. तुमचा कागद तिथंच असू द्या. फक्त ही काळी काच डोळ्यांवर धरा."

"हं," साहेब म्हणाले आणि शेरा लिहीत राहिले. काच टेबलावरच.

मास्तरांनी लाल टोक पुढे करून चुंबक धरला. ज्योत फस्सकन उजवीकडे गेली आणि शेऱ्याच्या कागदाची बघता बघता राख झाली.

"नाथाजी!" मास्तर शिपायावर ओरडले. "या चुंबकाचं एकच टोक लाल होतं ना रे?"

"व्हय की. पर खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली न्हवं? एक टोक लाल आन् दुसरं बोडकं, बरं दिसंना. मग तितंबी कुंकू थापलं, तेलात कालवून. लय झ्याक बसलंय!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. गेली नोकरी! आता घरी काय तोंड दाखवायचं?

साहेब डोळे चोळत होते. "मला काही दिसत नाही हो, नुसते हिरवे ठिपके! माझी गाडी चुकेल. दुसरा कागद घ्या, शेरा तुम्हीच लिहा. मी सही करतो."

नाथाजीनं मास्तरांना कोपरानं ढोसलं. "आवं, लिवा की! असा सायेब पुन्यांदा गावायचा न्हाई."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि अंगात आल्यासारखे लिहीत सुटले. पान भरलं, पाठपोट भरलं, समाससुद्धा सोडला नाही. साहेबांनी चाचपडत कोपऱ्यात सही ठोकली आणि टांग्यात बसून निघून गेले.

हेडमास्तर अण्णांनी कागद हातात घेतला, सावकाश वाचला.

"ज्योत उजवीकडे का गेली, याचं गणित आहे. आकृती आहे. पण मास्तर, तुम्हाला कायम करावं, हे कुठं आहे?"

मास्तरांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"राहिलंच की हो अण्णा! जागाच उरली नाही."