मोहटोल्याचा नौकाविहार तलाव

मोहटोल्याच्या तलावात पाणी होते, आणि या गोष्टीची कुठेही नोंद नव्हती.

अड्याळपासून दोन कोसांवरच्या या गावात हा गैरप्रकार दोन-अडीचशे वर्षे बिनबोभाट चालू होता. पावसात तलाव भरे. रोवणीचे दिवस आले की पाणकर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून पाण्याकडे बघे, खाली धानाच्या बांध्यांकडे बघे, आणि तलावाचे पाणी सोडायचे दार, ज्याला गावात तुडूम म्हणतात, ते उघडे. पहिल्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचे. कोणी अर्ज करत नसे, कोणी मंजुरी देत नसे. अशा अंधाधुंदीत धान पिके.

गेली तीस वर्षे हा पाणकर म्हणजे इश्वर. तुडमाच्या कुलपाची किल्ली त्याच्या करदोट्याला आणि तलावाचा हिशेब त्याच्या डोळ्यात, असा कारभार होता.

हा कारभार सुधारण्यासाठी उन्हाळ्यात गावात संगणक आला. तसे दोन संगणक गावात आधीच होते. शाळेतल्या संगणकाला धूळ लागू नये म्हणून गुरुजींनी त्याला जाड कापडात बांधून ठेवले होते; मुले वहीत त्याचे चित्र काढून भागांना नावे देत. उपकेंद्रातल्या सिस्टरबाई आधी रजिस्टरमध्ये लिहीत, मग रजिस्टरचा फोटो काढत, मग फोटोत बघून संगणकात भरत, आणि त्यानंतर वेळ उरलाच तर रोग्याकडे बघत. तिसरा संगणक ग्रामपंचायतीत बसला, तो पाण्यासाठी.

तालुक्याहून साहेब आले. शिक्षण, आरोग्य, शेती, संरक्षण, अंतराळ, अशा सर्व क्षेत्रांत संगणकाचा उपयोग कसा होतो हे त्यांनी दीड तास समजावून सांगितले. संगणकाने वेळ वाचतो, श्रम वाचतात आणि कागद वाचतो, असे म्हणून त्यांनी प्रत्येकाला सोळा पानांचे पुस्तक वाटले. बाकीच्यांनी ते वारा घ्यायला वापरले. इश्वरने ते तीनदा वाचले.

इथे इश्वरचा एक दोष सांगितला पाहिजे. तो साठाव्या वर्षी लिहायवाचायला शिकला होता. लहानपणी अक्षर शिकलेल्या माणसाला अक्षर म्हणजे घरची म्हैस; तो तिला हाकलूही शकतो. म्हातारपणी शिकलेल्या माणसाला अक्षर म्हणजे व्याही. तो जे बोलेल ते मान खाली घालून ऐकायचे. वाचता येऊ लागल्यावर पहिल्याच महिन्यात इश्वर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा घेऊन भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उभा होता आणि समोर 'थुंकू नका' असे लिहिलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. त्याने खर्रा गिळला. दोन दिवस ओकला. पण लिहिलेले मोडले नाही. त्या पाटीखाली चाळीस माणसे थुंकत होती, ती सगळी बिचारी अडाणी असतील, असे त्याला मनापासून वाटले.

तर तलावाची माहिती भरायचे काम त्याच्याकडे आले, म्हणजे त्यानेच ते मागून घेतले. ग्रामपंचायतीत रीना ऑपरेटर होती. गावचीच मुलगी, पदवी घेतलेली, कामात चोख. बासष्ट रकाने होते. सोळा रकाने सुरळीत गेले. सतरावा होता, 'जलसाठ्याचा मुख्य उपयोग'.

"सिंचन लिही," इश्वर म्हणाला.

रीनाने सिंचन निवडले. लगेच खाली कालव्याचा क्रमांक मागणारा एक रकाना उघडला.

"आबाजी, नहराचा नंबर मागून राहिला."

"नहराले कायचा नंबर? ते काय बस हाये?"

"मंग हा लाल होऊन राहिला, पाहा. पुढं जातच नाई. सोडून देऊ का सध्या? मी तालुक्याले फोन लावून विचारतो."

सोडून द्यायचे! इश्वरला प्रौढ वर्गातल्या मास्तरीणबाई आठवल्या. रिकामा रकाना ठेवणारा माणूस नापास, असे त्यांनी फळ्यावर लिहिले होते. "पोरी, रकाना खाली ठेवतेत का कुठं?" तो म्हणाला. "दुसरं काय काय हाये त्याच्यात?"

"वीजनिर्मिती, कारखाना, नळयोजना, नौकाविहार."

"ते शेवटचं काय?"

"नावेत बसून फिरणं, आबाजी."

इश्वरने विचार केला. वीज तलावात नव्हती. कारखाना नव्हता. नळाला पाणी विहिरीचे होते. पण ढिवरांचे मासे धरायचे तीन डोंगे मात्र तलावात होते आणि ढिवर त्यात बसून फिरत होते. यात खोटे काहीच नव्हते.

"लाव नौकाविहार."

"पण आबाजी, आपण तर रोवणीले पाणी..."

"हिरवा होते का पाह्य."

झाला. नौका किती, इतकेच संगणकाने विचारले. 'तीन' लिहिताच बासष्टच्या बासष्ट रकाने हिरव्या धानासारखे डोलू लागले, आणि इश्वरच्या फोनवर अभिनंदनाचा संदेश आला. तो त्याने पारावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बायकोला, सुलोचनाबाईला, दोनदा.

जुलै संपत आला. पाऊस सुरुवातीला भरपूर पडून आता दडी मारून बसला होता. तलाव काठोकाठ आणि बांध्या कोरड्या. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पंचवीस दिवसांची झाली. आता दोन आठवड्यांत रोवली नाहीत तर ती चाऱ्याच्या कामाची. नव्या पद्धतीप्रमाणे इश्वरने पाणी सोडण्याची मागणी संगणकावर टाकली. उत्तर तासाभरात आले, आणि एवढ्या चपळाईचे त्याने कौतुकही केले. उत्तर असे होते: 'नौकाविहार जलसाठ्यातून पाण्याचा विसर्ग अनुज्ञेय नाही. पर्यटकांची गैरसोय होईल.'

त्याने तुडमाचे कुलूप ओढून पाहिले. पक्के होते.

इकडे एका खात्याच्या संगणकाने ही माहिती दुसऱ्या खात्याच्या संगणकाला कळवली, कारण त्यांच्यात माणसांसारखे हेवेदावे नसतात. उपकेंद्राला बुडालेल्या पर्यटकांचा मासिक अहवाल मागण्यात आला. सिस्टरबाईंनी शून्य भरले. संगणकाने 'माहिती अपूर्ण' म्हणून ते परत केले. चौथ्यांदा परत आल्यावर सिस्टरबाईंनी एक पर्यटक बुडवला, तेव्हा कुठे अहवाल स्वीकारला गेला. एक बुडाला म्हणताच शाळेला पोहण्याच्या शिक्षकाचे पद मंजूर झाले आणि त्याच दिवसापासून रिक्त झाले. पशुवैद्यकीय खात्याने म्हशींना तलावात उतरण्यास मनाई केली. म्हशी वाचत नसल्याने त्या उतरत राहिल्या.

इश्वरला आता थोडी काळजी वाटू लागली. तो रीनाकडे गेला.

"सतरावा रकाना बदलून टाक, पोरी."

"बदलता येते, आबाजी. पण नौकाविहार बंद हाये म्हणून साहेबानं जागेवर येऊन पाहिलं पाह्यजे. पंचेचाळीस दिवस एकही नाव चालली नाई म्हणून."

"अन् नाव चालतच नाई तर बंद कशी करायची?"

"तेच त्यायले विचारलं मी. तर म्हणे, आधी चालू झाल्याचा दाखला आणा."

नकार आल्यापासून पाचव्या दिवशी मालनबाई घरी आली. मालनबाईच्या चार बांध्या अगदी शेवटी होत्या. नवरा गेल्यापासून ती एकटी कसत होती आणि पाळी नेहमी शेवटची येई. मूठभर पऱ्हे उपटून तिने इश्वरच्या पुढ्यात टाकले. शेंडे पिवळे पडले होते.

"इश्वरभाऊ, हे पाहा. अन् मले सांगा, तलावात पाणी हाये का नाई?"

"हाये ना."

"मंग सोडून काहून नाई राहिले?"

इश्वरने फोन पुढे केला. "वाच... म्हणजे मी वाचून दाखवतो. विसर्ग अनुज्ञेय नाही."

"म्हणजे काय?"

अनुज्ञेय म्हणजे काय ते इश्वरलाही नीट ठाऊक नव्हते. म्हणूनच तर तो शब्द त्याला अधिक खरा वाटत होता. "म्हणजे नाई जमत," तो म्हणाला.

"भाऊ, मले वाचता येत नाई," मालनबाई म्हणाली. "म्हणून मले पाणी दिसते."

आतून सुलोचनाबाईचा आवाज आला, "अवो, त्याईले चहा तरी अनुज्ञेय हाये का?"

सातव्या दिवशी साहेब जागेवर आले. पाळीवर सगळे गाव जमले होते. साहेबांनी आधी डोंगे मोजले, तिन्हींचे फोटो काढले आणि टॅबवर टाकले. मग त्यांनी तलावाकडे बघितले, खालच्या भेगाळलेल्या बांध्यांकडे बघितले आणि रुमालाने चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता.

"साहेब, दिसून राहिलं ना तुमाले?" मालनबाईने विचारले.

"मला दिसतंय हो बाई. पण मला दिसून काय उपयोग? त्याला दिसलं पाहिजे." त्यांनी टॅबकडे बोट दाखवले.

इश्वर पुढे झाला. "साहेब, तुडूम उघडू का मी?"

"उघडा, असं मी म्हणू शकत नाही."

"मंग नोको उघडू?"

"तसंही मी म्हणालेलो नाही."

"मंग तुमी काय म्हणून राहिले, साहेब?"

"मी पाहणी केली," साहेब म्हणाले, आणि गाडीत बसले. जाताना मात्र त्यांनी डोंग्यांवर लाइफ जॅकेटची सोय करा, अशी सूचना नोंदवली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मालनबाई लोखंडी सब्बल घेऊन पाळीवर चढली. मागे रोवणीला निघालेल्या पंधरा-वीस बाया, आणि त्यांच्या मागे सुलोचनाबाई. इश्वर धावत आला. करदोट्याची किल्ली एका हातात धरून आणि दुसऱ्या हातातल्या फोनवरचा आदेश मोठ्याने वाचत तो त्यांच्या आडवा उभा राहिला.

"तुमची बायको हाये मी, पर्यटक नाई. सरका," सुलोचनाबाई म्हणाली.

सब्बलीचे दोन घाव बसले आणि कुलूप पाण्यात पडले. तुडूम उघडले. पाणी फेसाळत नहरात आले आणि पहिल्याच बांधीत पसरू लागले. बाया आरडाओरडा करू लागल्या, आणि इथे इश्वरच्या हातून दुसरी चूक झाली. पाणी भलतीकडे जाते आहे हे त्याच्या डोळ्यांनी, त्याला न विचारता, बघितले.

"अवो, तसं नाई! उजवीकडची नाली बुजवा आधी! यंदा शेवटून घ्या, शेवटचे पऱ्हे मरून राहिले! मालनबाई, पळा, तुमचा बांध फोडा!" फोन कुठल्याशा झुडपात टाकून तो धोतर वर खोचून चिखलात उतरला. संध्याकाळपर्यंत त्याने एक अक्षर वाचले नाही. मालनबाईच्या चारही बांध्या त्या दिवशी रोवून झाल्या. बाकी गाव पुढच्या सहा दिवसांत आटोपले.

आता आपल्याला पकडून नेणार, म्हणून इश्वरने धुतलेले धोतर काढून ठेवले. कोणी आले नाही. जेथून विसर्ग अनुज्ञेय नाही तेथून विसर्ग झाला, हे संगणकाला कळण्यासाठी रकानाच नव्हता. धान निसवले, कापले, घरात आले. उन्हाळ्याच्या तोंडावर तलावाच्या तळाशी गुडघाभर चिखल आणि दोन बगळे उरले. संगणकात तलाव शंभर टक्के भरलेला होता. पाणीपातळी वर्षभर कायम राखल्याबद्दल खात्याने मोहटोल्याला आदर्श नौकाविहार स्थळाचे प्रशस्तिपत्र दिले. इश्वरने ते चौकटीत घालून भिंतीवर लावले. खोटे आहे हे त्याला माहीत होते. पण छापलेले होते.

मग नकाशावर तलावाचे नाव आले आणि रविवारी गाड्या येऊ लागल्या. नागपूरचे एक सुशिक्षित कुटुंब पाळीवर उभे राहिले. गृहस्थांनी फोनमध्ये बघितले, चिखलात बघितले, पुन्हा फोनमध्ये बघितले.

"पाणी नाई जी इथं," इश्वर म्हणाला.

"असं कसं? यात दाखवतंय ना."

"साहेब, मी पाणकर हाये इथला."

"अहो आजोबा, एकेचाळीस लोकांनी लिहिलंय." आणि त्यांनी ते दाखवले. बोटिंग छान, मुलांनी मजा केली. पाणी स्वच्छ. पार्किंगची थोडी अडचण. गृहस्थांनी चिखलाला पाठ करून कुटुंबाचा फोटो काढला, गाडीत बसून बेचाळिसावे मत लिहिले आणि निघून गेले.

इश्वरने त्या दिवशी सगळी बेचाळीस मते एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली. वाचता वाचता त्याला ती जागा फारच आवडली. एकदा सुलोचनाबाईला घेऊन तिथे जाऊन यावे, असेही त्याच्या मनात आले.

तुम्ही शिकलेली माणसे; तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण या गोष्टीत खरे किती आणि मोहटोला नावाचे गाव आहे की नाही, हे बघायला आता तुमचा हात कशाकडे जातो आहे, ते इश्वरला पक्के ठाऊक आहे.