बोट अडलं पाहिजे

वेंकोबराव सरळ चालत नसत. त्यांच्या फाटकापासून आमच्या फाटकापर्यंत फार तर चाळीस पावलं. पण ते आधी डावीकडे नारळापर्यंत जात, तिथून उजवीकडे विजेच्या खांबाला वळसा घालत आणि शेवटी गटारावरच्या फरशीवरून आमच्या दारात उगवत. मागून येणाऱ्या वाहनांची पंचाईत होई. एकदा एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून कानडीत विचारलं, "स्वामी, नक्की कुठल्या बाजूला जायचंय तुम्हाला?"

"एरडू कडे," वेंकोबराव म्हणाले. दोन्हीकडे.

मी हसले, तेव्हा मला म्हणाले, "सरळ जाणारे दोनच, बाई. एक प्रेत, आणि दुसरे तुमचे यजमान."

माझे यजमान म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. रोज साडेसातला घरातून निघतात, आणि खरोखरच सरळ जातात.

वेंकोबरावांना जाऊन आता तीन महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा उठले. मी घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकाची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढायची सवय झाली की स्वतःचं वाक्य पुढे सरकत नाही.

त्यांचं घराणं म्हैसूरला इतक्या पिढ्या राहिलेलं होतं, की मूळ गाव कोणतं हे घरात कुणालाच सांगता येत नसे. घरी मराठी, पण त्या मराठीत 'अय्यो', 'सुम्ने' आणि 'अल्वा' इतके, की सुरुवातीला मी नुसतीच मान हलवायची. 'सुम्ने' म्हणजे उगीच, 'अल्वा' म्हणजे नाही का, हे पुढे कळलं. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा पाच मिनिटं माझं बोलणं ऐकून ते म्हणाले होते, "तुमचं मराठी फार सरळ, बाई. फूटपट्टीनं आखल्यासारखं." मी आभार मानले. ती तक्रार होती हे समजायला मला वर्ष लागलं.

शिसवी लाकडात निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून चित्रं करतात, त्या जडावकामाच्या कारखान्यात वेंकोबराव नक्षी काढून देत. गिऱ्हाइकांना हवे असत हत्ती, मोर, राजवाडा. वेंकोबरावांच्या लेखी ते सगळे नागच. "सोंड बघा. मोराची मान बघा. चामुंडीच्या टेकडीचा रस्ता बघा. वळण आहे तिथं नाग आहे. बाकी सगळं लाकूड." मिठाईच्या दुकानात जिलबीसारखं वेटोळ्यांचं जहांगीर घेताना ते एकेक नग उचलून निरखत. "ह्याचं शेपूट कुठं गेलं?" दुकानदार म्हणे, "राव, खायचंय का पुजायचंय?"

खऱ्या सापाला मात्र ते विलक्षण भीत. आमच्या परसात एकदा धामण निघाली, तेव्हा ते योगायोगाने आमच्याकडे कॉफी प्यायला आले होते. साप पकडणारा माणूस येईपर्यंत पाऊण तास ते जेवणाच्या टेबलावर मांडी घालून बसले. कॉफीही तिथेच प्यायले. मी म्हटलं, "अहो, वळण बघा की! किती सुंदर आहे."

"अय्यो, बेडा! नको," वेंकोबराव टेबलावरून म्हणाले. "तो कच्चा खर्डा आहे. माणसानं सुधारलेला तेवढाच मी बघतो."

माझ्या कामात त्यांना एकच गोष्ट आवडे. मजकुरातलं एखादं अक्षर काढून टाकायचं असलं की आम्ही समासात एक खूण करतो. गोल वेटोळं आणि खाली सुटलेली शेपटी. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते कागद खिडकीशी घेऊन गेले. "तुमच्याकडेही आहे की!" मग अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी खुणेच्या शेपटीवरून बोट फिरवलं. "काढून टाकायची खूण, आणि एवढी सुंदर?"

आमच्या रस्त्याच्या टोकाला पिंपळाचा पार आहे, आणि पारावर नाग कोरलेले दगड. आता आठ आहेत, तेव्हा सात होते. इकडे मूल व्हावं म्हणून नवराबायको असा दगड घडवून घेतात, काही महिने पाण्यात ठेवतात आणि मग पिंपळाखाली बसवतात. प्रत्येक दगडावर दोघे असतात, नाग आणि नागीण, एकमेकांना विळखे घालून उभे, तोंडाशी तोंड. आठवड्यातून एकदा वेंकोबराव बादली आणि काथ्या घेऊन पारावर जात आणि त्यांच्यावरची तेलकट पुटं धुऊन काढत. मग पातळ कागद दगडावर धरून कोळशाची कांडी आडवी घासत. कागदावर हळूहळू नाग उमटे. गल्लीतल्या बायकांना वाटे, किती भाविक! वेंकोबराव त्यांच्यावर खेकसत, "हळद लावा, पण डोळ्यांत घालू नका. त्यांनाही झोंबते, अल्वा?" स्वतः ते कधी हात जोडत नसत.

प्रत्येक दगडाच्या शिल्प्याची त्यांना खडान्खडा माहिती होती, आणि ती सगळी त्यांनी दगडावरूनच काढलेली. "हा नोडी, हा बघा, नवीन लग्न झालेला. विळखे किती सैल, आरामात." "हा म्हातारा, हात कापतोय." तिसऱ्या दगडापाशी ते नेहमी थांबत. "हा उपाशी. ह्याचं जेवण झालेलं नव्हतं. शेपटीला घाई बघा."

तिथेच त्यांनी मला नाग तपासायला शिकवलं. एका नागाच्या शेपटीवर बोट ठेवायचं आणि त्याच्याच अंगावरून वर जायचं. तीन ठिकाणी दोघे एकमेकांना ओलांडतात. पहिल्या ठिकाणी हा वर असेल, तर दुसऱ्या ठिकाणी तो वर असला पाहिजे, तिसऱ्या ठिकाणी पुन्हा हा. "म्हणजे मध्ये तुमचं बोट अडलं पाहिजे," ते म्हणत. "अडलं तर विळखा खरा. कुठंच अडलं नाही, सरळ डोक्यापर्यंत गेलं, तर हा नुसता त्याच्यावर पडलाय. उचलला की सुटला." सातही दगडांवर माझं बोट अडलं. प्रत्येक वेळी ते "हां" म्हणत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसे की मला गंमत वाटे.

नागपंचमीच्या दिवशी मात्र ते घराबाहेर पडत नसत. पारावर दुधाचे तांबे, फुलं, गर्दी. आणि वर्षभर त्या दगडांना आंघोळ घालणारा माणूस दार लावून आत. का, हे मी कधी विचारलं नाही. एकटे राहत. बायको फार वर्षांपूर्वी गेली, एवढंच ठाऊक होतं.

एकदा मी काम करत असताना त्यांनी विचारलं, "पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर काय करता?"

"शुद्धिपत्र लावतो. मागे एक चिठ्ठी."

"आणि वाचणाऱ्यानं ते वाचून टाकलं असलं, तर?"

मी म्हटलं, मग काही करता येत नाही. ते उठले आणि गेले.

गेल्या वर्षी ते आजारी पडले आणि दुखणं वाढत गेलं. बंगळूरच्या पुतण्याने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. पुतण्या भला माणूस होता; दुसरा इलाजही नव्हता. एका शनिवारी वेंकोबराव आमच्याकडे आले. चाल मंदावली होती, तरी खांबाला वळसा घालूनच आले.

"बाई, तुम्ही चुका बघता. माझं एक काम आहे. घर घेणारे सोमवारी माझी तोट्टी फोडणार."

तोट्टी म्हणजे त्यांच्या परसातला दगडी हौद. मी कितीदा पाहिला होता. हिरवं पाणी, वर शेवाळ. तिकडे ते कुणाला जाऊ देत नसत. त्या दिवशी स्वतः घेऊन गेले, हौदाशेजारी मला स्टुलावर बसवलं आणि खिशातून एक कागद काढून दिला. घड्यांवर फाटत आलेला. पेन्सिलीने काढलेले दोन नाग.

मी सवयीने बोट ठेवलं. पहिल्या ठिकाणी नाग वर. दुसऱ्या ठिकाणी तोच नाग वर. तिसऱ्याही.

"दिसली?"

"दिसली," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मीच काढलंय," वेंकोबराव म्हणाले. मग सांगू लागले. माझ्याकडे न बघता, शेजारच्या पपईच्या झाडाकडे बघत.

लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. त्यांच्या बायकोला, सरोजाबाईंना, नागाचा दगड बसवायचा होता. माहेर सरगूरचं, तिथला शिल्पी ओळखीचा. चित्र मात्र नवऱ्यानेच काढावं, असा त्यांचा हट्ट.

"माझा विश्वास नव्हता, बाई. रविवार होता, मला कुठंतरी जायचं होतं. कुठं, ते आता आठवतही नाही. सुम्ने, पाच मिनिटांत काढून दिलं. मोठमोठ्या लोकांच्या टेबलांना मी आठ-आठ दिवस लावायचो. दगड घडून आला तेव्हा मी कारखान्यात होतो. भटजींनी पाण्यात ठेवला, ह्याच तोट्टीत. सहा महिने ठेवायचा होता. चौथ्या महिन्यात तिला कावीळ झाली. दिवसकार्य झाल्यावर तिची पेटी उघडली. साड्यांच्या खाली हा कागद, घडी घालून ठेवलेला. तेव्हा मला दिसलं. दगड अजून तोट्टीतच आहे."

मी म्हटलं, "वेंकोबराव, चित्रातल्या चुकीने कुणी..."

"ते मला ठाऊक आहे. शिकलेला माणूस आहे मी," ते म्हणाले. "पण गावभर दगड बघत फिरलो की. एकाचाही विळखा चुकलेला नाही. चुकला तो माझाच. उपाशी शिल्पी मीच, अल्वा?"

"तुम्ही हा दगड कधी तपासला नाहीत?"

"हात गेला नाही."

मग माझ्याकडून काय हवं ते त्यांनी सांगितलं. विळखा चुकलेला असेल, तर दगड हौदाबरोबरच फोडू द्यायचा. चुकलेल्या नागाला लोकांनी दूध घालू नये. बरोबर असेल, तर पारावर न्यायचा. एवढं सांगून ते पपईकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

बाही वर सारून मी शेवाळ बाजूला केलं. पाणी फार गार होतं. खांद्यापर्यंत हात घातल्यावर दगड लागला, भिंतीला टेकवलेला, बुळबुळीत. खाली चाचपडत शेपट्या सापडल्या. एकीवर बोट ठेवलं आणि वर नेऊ लागले. पहिल्या ठिकाणी बोट वरून गेलं. पुढे वळण आलं. भिऊन मी बोट फार हळू नेत होते. दुसऱ्या ठिकाणी ते समोरच्या दगडी अंगावर आदळलं.

मी पुन्हा चाचपून पाहिलं. नागीण वरून गेली होती. चांगली जाड, गोल, ठसठशीत. सरगूरच्या त्या शिल्प्याने कागदाकडे पाहिलं असेल आणि काही न बोलता, हाताला माहीत होतं तसं कोरलं असेल. छापखान्यात खिळे जुळवणारे चांगले कंपोजिटर कधीकधी असंच करत, लेखकाला न सांगता.

"अडलं," मी म्हणाले.

ते वळले नाहीत. "कुठं?"

"मध्ये. दुसऱ्या ठिकाणी. विळखा खरा आहे, वेंकोबराव. घट्ट आहे. शिल्प्याने दुरुस्त केलाय."

मला वाटलं होतं, ते 'हां' म्हणतील. पारावर म्हणत तसं. त्यांची पाठ मात्र तशीच राहिली. मग पाठमोरेच, लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"मग ती का गेली, बाई?"

माझा हात पाण्यातच होता. पपईच्या पानावर एक खार येऊन बसली आणि गेली.

"परत एकदा फिरवा," ते म्हणाले.

मी शेपटीपासून पुन्हा सुरुवात केली. बोट त्याच जागी अडलं.