पूजेतला पेन ड्राइव्ह

कुपवाडच्या त्या वर्कशॉपात पेन ड्राइव्ह एकच चालायचा. मालक आप्पासाहेबांनी पुतण्याच्या लग्नाचे फोटो बघण्याच्या हौसेपायी सगळ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सोडला, तेव्हापासून बाकीचे पेन ड्राइव्ह बंद होते. या एकावर गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं असत आणि तो ऑफिस सांभाळणाऱ्या क्षमाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असे.

आज नेमका तो ड्रॉवरमध्ये नव्हता. आणि समोर पुण्याच्या कंपनीचे महेंद्र गायकवाड तपासणीचा फॉर्म उघडून बसले होते. आपली ड्रॉइंगं बाहेर फुटत नाहीत, एवढीच त्यांना खात्री हवी होती. ती पटली नाही तर ऑर्डर जाणार, दुसरी पाळी बंद होणार. क्षमाचा नवरा त्याच पाळीला होता.

"आप्पासाहेब, पेन ड्राइव्ह कुठाय?"

"घरी. काल माझ्याकडच्या किल्लीनं काढून नेला. आज खंडेनवमी न्हाई का? पान्यासंगं, मापाच्या व्हर्नियरसंगं त्योबी पूजंला मांडला सकाळी. हत्यारच हाय की आपलं!"

"कंपनीची ड्रॉइंगं घरी नेता?" महेंद्र यांनी फॉर्मवर काहीतरी खरडलं. ते चांगलं नसणार, हे कुणीही सांगितलं असतं.

क्षमाने सांगलीकडे स्कूटर पिटाळली. आप्पासाहेबांच्या पत्नी लक्ष्मीबाई देवघरापुढेच बसल्या होत्या.

"वहिनी, तेवढा पेन ड्राइव्ह द्या की. लय घाई हाय."

"आन् पूजलेलं हत्यार उचलू? उद्या सोनं वाटल्याबिगर न्हाई मिळायचं."

क्षमाने आप्पासाहेबांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

"अगं, दे की तिला! मी मालक हाय!" आप्पासाहेब ओरडले.

"कारखान्याचं. देवघराचं न्हवं."

आता फोनवर महेंद्र बोलले, "वहिनी, मी कंपनीचा तपासणी अधिकारी बोलतोय."

"आवं, कलेक्टर असा न्हाईतर कोनी. हात लावायचा न्हाई म्हंजे न्हाई."

क्षमाला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"क्षमाताई," महेंद्र हळूच म्हणाले, "घरात कॉम्प्युटर आहे?"

"न्हाई."

"दुसरं कुणी त्याला हात लावू शकतं?"

"वहिनी असताना? न्हाई."

"अहो, इतका बंदोबस्त आमच्या पुण्याच्या ऑफिसातही नाही!"

ऑर्डर राहिली, पाळीही राहिली. फक्त फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून आप्पासाहेबांचं नाव खोडून महेंद्र यांनी लक्ष्मीबाईंचं लिहिलं.

आता रोज सकाळी आप्पासाहेब आंघोळ करून पेन ड्राइव्हसाठी लक्ष्मीबाईंपुढे हात पसरून उभे राहतात.

"कशापायी पायजे?" लक्ष्मीबाई विचारतात. "आन् किती वाजता आनून देनार?"